तुमची झाळ सुटली नव्हती

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडववाल्याने खुर्च्या नेल्या, बाया भांडी घासून आपापल्या घरी गेल्या, आणि मी खोलीतली माझी लोखंडी पेटी उघडली. लग्नातल्या शालूखाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तो तांब्याचा ठोकळा होता. भंगारवाल्याने नेला असं मी तुम्हाला सांगितलं होतं, तोच. न्हाणीतून बादली आणली, एक नळी बोटाने दाबून धरली, दुसरी तोंडात घेतली, ठोकळा पाण्यात बुडवला आणि गाल फुगवून फुंकलं, तुम्ही फुंकायचात तसं. एकही बुडबुडा आला नाही. मी पुन्हा फुंकलं. डोकं गरगरायला लागलं तेव्हा थांबले.

झाकणाच्या कडेने तुम्ही कथलाने भरलेला तो सांधा, ती झाळ, सुटली नव्हती मामाजी. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.

यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण शेवटचा भाग तुम्हाला ठाऊक नाही आणि तो एकदम सांगायची माझी छाती होत नाही.

मी चिखलीची. सासऱ्याला मामाजी आणि सासूला आई म्हणायचं आणि त्यांच्यासमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढं शिकून वरवट बकालला आले. (आता नाव घेते. संतोष, संतोष. रागावू नका.) पहिल्या सकाळी बोअरच्या पाण्याने चूळ भरली आणि नव्या सुनेची थट्टा म्हणून कुणीतरी मीठ कालवलंय असं वाटलं. इकडच्या साऱ्या पट्ट्यातच जमिनीखालचं पाणी खारं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिण्यासाठी टिनाच्या छपरावरून पन्हाळीने उतरवलेलं पावसाचं पाणी, सिमेंटच्या हौदात झाकून ठेवलेलं. ते गोडं पाणी. हात धुतल्याशिवाय हौदाचं झाकण उघडायचं नाही, पाहुण्याला पहिला पेला त्याचा, आणि पिण्याशिवाय दुसऱ्या कशालाही त्याचा थेंब वापरायचा नाही. देवाची आंघोळसुद्धा बोअरच्या पाण्याने.

पहिली सहा वर्षं आपलं बोलणं म्हणजे मी विचारायचं 'चहा ठेवू का' आणि तुम्ही म्हणायचं 'ठेव'. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधले रिटायर फिटर. ओसरीवर पोतं अंथरून लोकांचे पितळी फवारणी पंप दुरुस्त करत बसायचात. पाच-सहा गावांतून पंप यायचे. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर. संतोष लग्नाचं शूटिंग करायचा, मी ते कापून, जोडून, गाणी लावून त्याची फिल्म बनवायची. घरात दोन कारागीर होते आणि मधे एक भिंत होती.

आमच्या कामाची गंमत अशी की लग्नसराई ऐन उन्हाळ्यात. बाहेर चव्वेचाळीस, पंचेचाळीस. फिल्म तयार करायला लावली की मशीन तापायचं, हळू व्हायचं, आणि मधेच फटकन बंद पडायचं. मी त्याचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. कूलर समोर ठेवला तर खाऱ्या पाण्याची पांढरी भुकटी सगळ्या यंत्रावर बसली. एका दुपारी तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मी चक्क रडले. तुम्ही दारात उभे होतात.

"काऊन बंद पडते ते?"

"गरम होते, मामाजी."

"पण कायले गरम होते? कोठून?"

सहा वर्षांत मला माझ्या कामाबद्दल कुणीतरी प्रश्न विचारला होता. माहेरीसुद्धा 'कॉम्प्युटरवर काहीतरी करते' एवढ्यावरच काम भागायचं. मी तुम्हाला आत बोलावून प्रोसेसर दाखवला. सगळा हिशेब हा एवढासा चौकोन करतो आणि सगळी आग इथेच होते, असं सांगितलं. तुम्ही वरच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"हे तं आमच्या जिनिंगच्या बेअरिंगवाणी झालं. तिले वारा घालून भागते काय? पाणी पाह्यजे पाणी."

मी म्हटलं, पाण्यावर थंड करायचं सामान मिळतं, पण फार महाग असतं. काही लोक घरीच करतात. आणि मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून दिला. तुम्ही मोबाईल हातभर लांब धरून तो अर्धा तास पाहिलात. मधे एकदा त्या माणसाला ओरडलातही, "अबे, करवत अशी धरतेत काय! पातं मोडीन तुहं!" त्याचं पातं खरंच मोडलं. तुम्ही इतके खूश झालात की मला पुन्हा चहा ठेवावा लागला.

मग तो सव्वा महिना. माझ्या सासरच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगीन.

तांबं घरातच निघालं. जिनिंगमधल्या विजेच्या पेटीतली जाड पट्टी तुम्ही कधीकाळी आणली होती आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवली होती. तिचा काड्यापेटीहून थोडा मोठा चौकोन कापलात. मग त्यात एकापाशी एक बारीक चर पाडायचे, म्हणजे पाणी त्यातून जाताना उष्णता घेऊन जाईल. हातकरवतीने. दिवसाला दोनच चर, त्याहून जास्त नाही. "हात दमला का रेघ वाकडी जाते," म्हणायचात. माझं काम पात्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं. थेंब चुकला की नजर वर यायची, बोलणं काही नाही.

झाकणासाठी पातळ पत्रा हवा होता. तुम्ही न विचारता आईंचा फुटका तांब्याचा गडवा कापलात. आई दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. "माह्या मायनं देल्ला होता तो! फुटका असला म्हून का झालं?" तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आता तुह्या मायचा गडवा कॉम्प्युटरात जाऊन राह्यला. गावात कोणाच्या मायचा गेला काय?" आई हसल्या, पण गडवा विसरल्या नाहीत.

बूड सपाट हवं, कारण ते प्रोसेसरवर टेकणार. फिटर लोक निळा रंग लावून सपाटी बघतात. तो नव्हता, तर तुम्ही माझी काजळाची डबी मागितलीत. काचेवर काजळाचा हात फिरवायचा, त्यावर ठोकळा घासायचा, जिथे काळं लागेल तिथे उंचवटा. तेवढाच पॉलिश पेपरने उतरवायचा, पुन्हा काजळ. आठ दिवस चाललं. आठ दिवस मी भुंड्या डोळ्यांनी फिरले आणि शेजारच्या काकूंनी मला बरं नाही का म्हणून विचारलं. नवव्या दिवशी सगळं बूड एकसारखं काळं झालं. तुम्ही ते मला दाखवलंत, मग आईंना, मग दूधवाल्याला.

आणि मग झाळ. त्या दिवशी तुम्ही सकाळी जेवला नाहीत. "पोट भरलं का हात जड होते." ब्लो-लॅम्प पेटवला, नवसागर टाकला, धूर झाला, मी आणि आई खोकत बाहेर आलो. तुम्ही मला हाक मारून परत आत बोलावलंत. "पाह्य सूनबाई, पाह्य आता. कथील आपल्या पायानं चाललं पाह्यजे. ढकलत नेलं का झाळ कच्ची राह्यते." आणि ते चाललं. झाकणाच्या कडेने चांदीसारखी रेघ सरसरत गेली, चारी कोपरे फिरून पहिल्या जागी येऊन थांबली. मी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यासमोर टाळ्या वाजवायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

नळ्या जोडायला पंपाच्या पितळी निपला, त्यावर फवारणी पंपाच्याच नळ्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून दोन छोट्या स्टीलच्या क्लिपा. बादलीत बुडवून फुंकून पाहिलं. मग ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवून एक दिवस, एक रात्र नुसतं पाणी फिरवलं. कागद भिजला तर गळती. सकाळी कागद कोरडा. तुम्ही तो उचललात, झटकलात आणि कालची बातमी वाचायला बसलात.

प्रोसेसरवर लावायच्या पेस्टवरून आपण भांडलो, आठवतं? मी म्हणत होते तुरीच्या दाण्याएवढी बस. तुम्हाला ती भाकरीवर लोणी लावतात तशी लावायची होती. "एवढुशानं का होते?" मी हट्टाने दाण्याएवढीच लावली. शेवटपर्यंत तुम्ही म्हणायचात की अजून दोन डिग्री कमी झालं असतं. नसतं झालं, मामाजी. आजही सांगते, नसतं झालं.

पाणी थंड कुठे करायचं, तर मी रेडिएटर म्हणाले. तुम्ही म्हणालात, "रांजण कायले हाय?" खिडकीखाली रांजण मांडला, त्यात कूलरचा पंप सोडला. पाणी रांजणातून वर, ठोकळ्यातून फिरून पुन्हा रांजणात. रांजण बाहेरून पाझरायचा, वारा त्याला लागायचा, पाणी गार. पहिल्या दिवशी मी पूर्ण लग्नाची फिल्म लावली आणि आपण दोघं तापमानाच्या आकड्याकडे बघत बसलो. आधी पंच्याण्णवला जाऊन बंद पडणारं मशीन साठाच्या वर गेलं नाही. तुम्ही मांडीवर थाप मारून उठलात आणि चप्पल घालून गावात निघून गेलात. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वरवटला ठाऊक झालं होतं.

भांडण पाण्यावरून झालं. त्या केसाएवढ्या चरांत बोअरचं पाणी गेलं तर आठ दिवसांत मिठाने भरतील, म्हणून रांजणात गोडं पाणीच हवं, असं तुमचं म्हणणं. मी गॅरेजमधलं, बॅटरीत घालतात ते बिनमिठाचं पाणी सुचवलं होतं, पण रांजण रोज चार-पाच लिटर वाऱ्यावर उडवायचा, एवढं आणणार कोण? आई संतापल्या.

"माणसाच्या तोंडाचं पाणी मशीनले पाजून राह्यले तुमी! लोकं शेण घालतीन तोंडात."

"मशीन घर चालवते. तिले बी तहान हाय."

तुम्ही रोज सकाळी हात धुऊन हौदातून तांब्याने पाणी काढायचात आणि पेला भरावा तसं रांजणात ओतायचात. आई तोंड फिरवायच्या. दोन उन्हाळे असे गेले.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते.

तिसऱ्या वर्षी आदल्या पावसाळ्यात हौद अर्धाच भरला होता. वैशाखात तळ दिसायला लागला. एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले तर आई कोपऱ्यात उभ्या राहून बोअरचं पाणी पीत होत्या, लिंबाची फोड पिळून. मला पाहून पेला मागे घेतला. "मले चालते व. सवय हाय," म्हणाल्या. तुमच्या पेल्यात गोडं, माझ्या पेल्यात गोडं, रांजणात गोडं, आणि आई खारं पीत होत्या. किती दिवसांपासून, देव जाणे.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मशीन बंद करायला लावलं असतं, आणि लग्नसराईत ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्या दिवसापासून तुमच्या आधी उठून रांजण मीच भरायला लागले. बोअरच्या पाण्याने. तुम्ही म्हणालात, "आज तूच भरला? बेस." मी हो म्हटलं. ते पहिलं खोटं. त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

बारा-तेरा दिवसांनी रांजणात पडणारी धार बारीक झाली आणि आकडा चढायला लागला. तुम्ही आणि आई तेव्हा मोताळ्याला तुमच्या भाचीच्या लग्नाला गेला होतात. मी एक नळी काढली. निपलेत पांढरा खडा जमला होता. केसांच्या आकड्याने तो खरवडून काढला, नळी परत बसवली, आणि तेवढ्यात फोन वाजला. जळगाव जामोदची पार्टी, फिल्म कधी मिळणार म्हणून. त्यांच्याशी बोलता बोलता मी पंप चालू केला. नळीवरची क्लिप खिडकीतच राहिली.

तासाभराने मी पोळ्या करत होते. करपल्याचा वास आला तो तव्याचा वाटला. खोलीत आले तर नळी निसटलेली, ठोकळा ओला, खालचा बोर्ड पाण्यात आणि मशीन मेलेलं. पंप तेवढा इमानदारीने चालू होता. मी आधी वायर उपटली, मग खिडकीतली क्लिप उचलली, मग नळी बसवली. का बसवली ते मला सांगता येणार नाही. हात आपले आपण चालले.

संतोष धावत आला. झाकणाच्या कडेला पाणी पाहून म्हणाला, "झाळ सुटली बाबाची. मी म्हणतच होतो, म्हातारपणी कायले पाह्यजे ह्या उठाठेवी." क्लिप माझ्या मुठीत होती, मामाजी. इतकी घट्ट की तळहातावर तिचा वळ उठला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नळी निसटली म्हटलं तर का काढली होती हे निघणार, मीठ निघणार, खारं पाणी निघणार. संतोष रागात होता, पार्टी बोंबलत होती, आणि तुम्ही घरात नव्हतात. मला वाटलं, तुम्ही आल्यावर तुम्हाला एकट्याला सांगेन.

तुम्ही आलात. पायातली चप्पलही काढली नव्हती आणि संतोष ओसरीवरच म्हणाला, "बाबा, हात गेला आता तुमचा." तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणालात, "आण बरं सूनबाई तो ठोकळा. बुडवून पाह्यतो."

तुम्ही एकदा फुंकलं असतं की सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "भंगारवाल्याला दिला, मामाजी. सकाळीच."

"तांबं देल्लं भंगारात?" एवढंच विचारलंत. मग हौदाशी जाऊन पाय धुतलेत, बोअरच्या पाण्याने, आणि आत जाऊन झोपलात.

त्यानंतर तुम्ही पंप हातात घेतला नाही. लोक यायचे, ओसरीवर पंप ठेवायचे. तुम्ही म्हणायचात, "हात गेला बाप्पा माहा. दुसरीकडं दाखव." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आठ दिवसांत विसराल. महिन्याभराने तुम्ही अवजारांना तेल लावून ती पोत्यात बांधलीत आणि माळ्यावर टाकलीत. आईंचा पाणी तापवायचा बंब गळायला लागला तर त्यालाही हात लावला नाहीत. नवं मशीन आलं, त्यासोबत थंड करायचं सामान तयारच आलं. तुम्ही माझ्या खोलीत पाऊल टाकणं सोडलंत. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचात, "गरम तं नाही होत?" मी म्हणायचे, नाही. मला वाटायचं तुम्ही रागावला आहात, तांबं भंगारात घातलं म्हणून. खरं सांगण्यापेक्षा तुमचा राग परवडतो असं मी स्वतःला समजावलं होतं. दोन वर्षं मी हे करत राहिले. लिहितानाही मला माझी किळस येतेय.

मग किडनीचं निघालं. आमच्या भागात घरोघर निघतं तसंच. शेगावला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवारी तुमच्याबरोबर मी असायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही त्या यंत्राकडे बघत राहिलात. रक्त नळीतून जातंय, फिरतंय, दुसऱ्या नळीतून परत येतंय. भीती वाटते का म्हणून मी विचारणार होते, तर तुम्हीच म्हणालात, "पाह्य सूनबाई, आपल्या रांजणावाणीच हाय हे." आणि मग नर्सकडे बोट दाखवून, "क्लिपा पाह्य कशा पक्क्या लावते हे पोरगी."

तुम्हाला ठाऊक होतं का? की तुम्ही नुसते फिटरच्या डोळ्याने कौतुक करत होतात? मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती नर्स बीपी बघायला आली, आणि नंतर तुम्ही झोपलात. पण तिला कशाला दोष देऊ. त्यानंतर कितीतरी मंगळवार आले. तुम्ही जागे असायचात, मी शेजारी बसून मोसंबी सोलायचे, आणि आपण पेस्टवरून भांडायचो. तुम्ही तेवढ्यातही हसायचात. मला वाटायचं, आता हसताहेत तर कशाला.

काल बादलीशी फुंकत बसले होते तेव्हा आई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राह्यली व?" मी सांगितलं. सगळं, त्या लिंबाच्या फोडीपासून. आई न्हाणीच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या पाण्यापायी हे झालं असं त्यांना वाटू नये म्हणून मी मधेच गडबडले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माह्या पेल्याचं सोड," म्हणाल्या. "बंबासाठी मी दोन वर्स भांडली त्याईच्याशी. कामचोर म्हतलं. ढोंग करता म्हतलं. त्याईनं एक डाव बी नाही म्हतलं का मले भेव वाटते."

मला वाटलं आता त्या मला मारतील. मारायला हवं होतं. त्या उठल्या, ठोकळा पदराने पुसला आणि ओसरीवर तुमच्या फोटोपाशी नेऊन ठेवला. "उद्या बसाले येतीन लोकं. सर्वाईले सांगजो. एकूणएकाले." रात्री संतोषला सांगितलं. त्याने फोटोपाशी जाऊन ठोकळा हातात घेतला. 'हात गेला' हे शब्द त्याचे होते, याची आठवण मला त्याला करून द्यावी लागली नाही.

आज सकाळपासून सांगतेय. जो बसायला येतो त्याला चहा देते आणि सांगते, मामाजींचा हात गेला नव्हता, क्लिप मी विसरले, झाळ अजून पक्की आहे. काही बायकांनी कानावर हात ठेवले. एकीने आईंना विचारलं, सून बरी आहे ना डोक्याने. पातुर्ड्याहून तुमचे श्यामराव आले, ज्यांचा पंप तुम्ही तीनदा परत पाठवला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ठोकळा उन्हात धरून चारी बाजूंनी पाहिला, झाळीवरून नख फिरवलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "थो आमाले काय सांगत जाय मालूम हाय? म्हणे, माह्या हातानं पोरीची मशीन जळाली, तिचं कामाचं नाव गेलं. पण पोरगी एका शब्दानं बोलली नाही मले. आजलोक नाही. म्हणे, तिच्या खोलीत जाची लाज वाटते मले, पण अशी सून सात गावात नाही. पारावर बसला का हेच सांगे. दोन वर्स."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी कुठे ठेवली, आठवत नाही.

म्हणजे तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहायचात ते रागाने नव्हे. आणि मी गप्प होते, त्याचं तुम्ही गावभर कौतुक करत होतात. मामाजी, मी बोलले नाही ते भिऊन बोलले नाही. त्यात तुमच्यासाठी काही नव्हतं, सगळं माझ्यासाठी होतं. पारावर बसणाऱ्यांना मी एकेकाला गाठून सांगणार आहे, श्यामराव बरोबर यायला तयार आहेत. पण ज्याने ते कौतुक केलं त्याला सांगायला मला दुसरी जागा नाही, म्हणून इथे सांगते. झाळ तुमची होती आणि ती चांगली होती. माझ्याबद्दल जे बोललात तेवढं परत घ्या.